बासिमचा मजला

१४ नोव्हेंबर

लमीसने आज मला खोलीत बोलावलं. म्हणाली, "मसऊदकाका, जानेवारीत आपल्या कचेरीला तीस वर्षं होतात. 'अलीकडची कामं आणि यश' अशी एक पुस्तिका काढू या. मजकूर तुम्ही लिहा. तुमच्यासारखं लिहिणारं इथे कुणी नाही."

हे मात्र खरं बोलली. इमारतींच्या सांगाड्यांचे सल्लागार म्हणून दारावर पितळी पाटी आहे, आत अर्धा डझन इंजिनियर आहेत, आणि सगळ्यांना मिळून एक सरळ वाक्य लिहिता येत नाही. तुळईवर किती भार येईल ते यंत्र सांगतं. यंत्र रुसलं की ही मंडळी चहा पीत बसतात. मी शाळेत गेलो तो सहावीपर्यंत. नकाशा शिकलो तो लमीसच्या वडिलांच्या, थोरल्या हलवानीसाहेबांच्या पाठीमागे उभा राहून. साहेब गेले आणि लमीस जर्मनीहून येऊन त्यांच्या खुर्चीत बसली. आयत्या बिळावर नागोबा असं मी म्हणणार नाही, पोर माझ्या मांडीवर खेळलेली आहे. खुर्ची मोठी आहे आणि ती लहान, एवढंच म्हणतो.

पण 'यश' म्हणून तिने काय दिलंय ते पाहून हसावं की रडावं कळेना. बँकेचा जिना, स्मूहातला मोटारींचा तळमजला, एका गोदामाचं छप्पर. इथवर ठीक. पुढे: लब्बानच्या शाळेतले कॉलम जाड केले. मुहर्रम बेमधल्या दवाखान्याखाली टेकू दिले. कर्मूझच्या इमारतीचा पाया सावरला. सोबत फोटो. आधी: एक भिंत. नंतर: तीच भिंत. साहेबांनी अलेक्झांड्रियात मजल्यावर मजले चढवले, आणि ही उंदरासारखी जमिनीखाली कुरतडतेय. तेही साहेबांच्याच जुन्या इमारतींखाली, आणि तेही फुकट. नवं काम आणायला तोंड लागतं ना.

मी पुस्तिकेला नाव सुचवलं: 'तळघरातली भरारी'. ती हसली. टोमणा कळला नसावा.

१७ नोव्हेंबर

आज 'झाडू' आलं. हे वादळ दरवर्षी याच सुमाराला समुद्र झाडून काढतं. कोळ्यांच्या होड्या ओढून ठेवल्या आहेत, आणि आमच्या गच्चीवर सळया शिट्ट्या घालताहेत.

अन्फुशीतलं हे घर मी चार मजले चढवलं, आणि चौथ्याच्या स्लॅबवर कॉलमांच्या सळया पुरुषभर उंच सोडून दिल्या. बासिम तेव्हा दप्तर घेऊन शाळेत जायचा. सळया कापून गच्ची सपाट करणारा बाप आमच्या गल्लीत अजून जन्मायचाय. सळया दिसल्या की लोक समजतात, या घरात एक लग्न बाकी आहे.

जेवताना माझी बायको इन्साफ म्हणाली, "अबू बासिम, ऐका. तुमच्या लेकाचं घर रडतंय वर."

"रडू दे. उन्हाळ्यात हसेल."

ज्याच्या नावाने मी 'अबू', म्हणजे बाप, म्हणवतो तो बासिम मान खाली घालून मसूराचं सूप भुरकत होता. चौतिशीचा घोडा, बंदरात क्रेन चालवतो, हजारो मण उचलतो, पण घरात शब्द उचलत नाही. नूरहानशी त्याचा साखरपुडा होऊन दोन वर्षं झाली. तिचा बाप शलबी, सगळ्यांचा 'मुअल्लिम', म्हणजे उस्ताद, आमच्याच तळमजल्यावर मासे तळतो. काल कढईतला झारा माझ्यावर उगारून म्हणाला, "अबू बासिम, ईदेपर्यंत पोरीचं घर दिसलं नाही तर साखरपुड्याचं सोनं परत ने. मासा मी थंड होऊ देत नाही, पोर होऊ देईन काय?"

मजला ईदेच्या आत उभा राहील. नकाशा माझ्या हातचा, सही लमीसची. सहीला किती वेळ लागतो?

२४ नोव्हेंबर

वेळ लागतो म्हणे.

"मसऊदकाका, आधी घर बघते."

"काय बघायचंय? चारही मजल्यांचे नकाशे मी काढलेत, सह्या तुझ्या वडिलांच्या आहेत. साहेब तर कागदाकडे बघायचेसुद्धा नाहीत. म्हणायचे, मसऊदने काढलं म्हणजे झालं."

ती हातातल्या पेन्सिलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो. तसंच म्हणायचे ते."

वडिलांची आठवण आली असणार. मीही फार ताणलं नाही.

पुस्तिकेचं पहिलं पान दाखवलं. तिने 'भव्य' खोडलं, 'गगनचुंबी' खोडलं, 'अभिमानास्पद'ही खोडलं. उरलं काय, तर जिना. असल्या पुस्तिकेला गिऱ्हाईक येणार? बडा घर पोकळ वासा हे ऐकलं होतं, इथे तर वासाच दाखवायचा आणि घर लपवायचं!

२८ नोव्हेंबर

आज बाशमुहंदिसा लमीसबाई आमच्या घरी आल्या. (इंजिनियराला असं म्हणायची इथे रीत आहे, ती गाढवाला लागली तरी मोडत नाही.) हातात हातोडी. शलबीच्या दुकानात जाऊन एकेका कॉलमला टकटक करून कान लावत होती, जणू वैद्यीणबाई. मग गच्चीवर गेली आणि सळयांच्या मुळाशी नखाने खरवडत बसली. गंज निघाला. निघणारच! समुद्र हाकेवर आहे, लोखंडालाही सर्दी होते!

नंतर इन्साफच्या स्वयंपाकघरात बसून माशांचा भात दोनदा मागून खाल्ला. एवढं एक वळण चांगलं आहे. पण विचारलं काय, तर "काकू, हे दार कधीपासून अडकतं?"

"गेल्या हिवाळ्यापासून गं. यांनी दोनदा रंधा मारला, तरी पुन्हा अडकतंच."

"लाकूड आहे," मी म्हणालो. "दमट हवेत फुगतं."

"उन्हाळ्यातही अडकतं?" तिने इन्साफलाच विचारलं.

"उन्हाळ्यात जास्तच."

जर्मनीत आठ वर्षं शिकून आल्यावर माणूस स्वयंपाकघराच्या दाराची चौकशी करतो. आमचा सुतार अशिक्षित आहे, तोही याहून बरं काही विचारतो.

३ डिसेंबर

माणसं आणून तिने कॉलमांना भोकं पाडली आणि काँक्रीटचे मुठीएवढे गोळे काढून नेले. भोकं बुजवली खरी, पण माझ्या घराला देवी आल्यासारखे व्रण दिसतात.

शलबीच्या कढईमागच्या कॉलमला एक भेग आहे. भेग कुठल्या कॉलमला नसते? तिने भेगेवर आडवी काचेची पट्टी ठेवली आणि दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवली. म्हणाली, "कॉलम हलला तर काच फुटेल."

शलबी म्हणाला, "आणि माझा झारा लागून फुटली तर?"

"तर मला कळेल, मुअल्लिम. तुमच्या झाऱ्याचा वास येईल तिला."

शलबी पोट धरून हसला. मी हसलो नाही. तिला काच चिकटवायचीच होती, तर काचवाल्याकडे उमेदवारी करायची होती. जर्मनीचा वळसा कशाला?

७ डिसेंबर

आज 'कासिम' वादळ आणि माझं वादळ एकदम झालं. सगळ्या कचेरीसमोर तिने सांगितलं, "वर एक वीटसुद्धा चढवायची नाही, काका. खाली टेकू लावावे लागतील, तेही लगेच. तुम्ही हो म्हणा, उद्या माणसं पाठवते."

"माझं घर पंचवीस वर्षं उभं आहे!"

"उभं आहे. आणखी भार मागू नका त्याच्याकडे."

"आणि माझ्या पोराचं लग्न?"

"लग्न मजल्याशी करायचंय का त्याला?"

सहाही इंजिनियर संगणकाच्या पडद्यात तोंड खुपसून हसले. मी म्हणालो, "पोरी, तुझ्या बापाने या शहराला उंची दिली. तुला उंचीची भीती वाटते म्हणून तू सगळ्यांना तळघरात बसवणार?"

तिने वडिलांच्या सहीचे जुने नकाशे गुंडाळून कपाटात ठेवले. उत्तर असतं तर दिलं असतं.

घरी येऊन बासिमला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, बाशमुहंदिसा म्हणते तर..." मी एकदा बघितलं त्याच्याकडे, पुढचं वाक्य गिळलं त्याने. त्याच्या बुटांना चुना लागला होता. बंदरात सध्या चुन्याची जहाजं येत असावीत.

२० डिसेंबर

गवंडी उस्ता फरगली भेटला. आमच्या भागातले निम्मे वरचे मजले त्यानेच चढवलेत, सहीशिवाय. म्हणाला, "मसऊदकाका, कागद कशाला हवाय? काँक्रीट कागदावर उभं राहतं का? तेरा जानेवारीला स्लॅब टाकू."

माणूस फटकळ आहे, पण हात आहे त्याला. त्या पडद्यापुढच्या सहा बाहुल्यांपेक्षा बरा.

लमीसला कुणीतरी सांगितलं. तिने सरकारी कचेरीत कळवलं. तिथला एक साहेब आला, शलबीकडे बसून झिंगे खाल्ले, दात कोरले आणि गेला. नंतर तिने काय करावं? लोखंडी टेकूंची गाडी पाठवून आमच्या गल्लीत उतरवली. "असू द्या तिथे," म्हणे. आता पोरं त्यांच्यावर घसरगुंडी खेळतात. कचेरीच्या 'यशा'त याचाही फोटो घाला म्हटलं.

आणि रोज सकाळी आठ वाजता ही बया शलबीच्या दुकानात हजर. सकाळी आठला तळलेला मासा! कचेरीची मालकीण, लाजलज्जा काही? कढईमागे उभी राहूनच खाते, टेबल रिकामं असलं तरी.

२ जानेवारी

नूरहान इन्साफला मदत करायला आली होती. भेंडी... नाही, भेंडी आता कुठली, सुकवलेली वांगी भरत होत्या. जाता जाता मला म्हणाली, "काका, मेक्सला माझ्या मैत्रिणीच्या शेजारी एक घर रिकामं आहे. छोटं आहे, पण समुद्र दिसतो."

"भाड्याचं घर म्हणजे मागून आणलेला शर्ट, बाळ. लग्नात कुणी घालतं का?"

ती हसली, बासिमकडे बघितलं आणि गेली. तोही तिला पोचवायला गेला. पोरगी गोड आहे, पण व्यवहार शून्य. माझ्या डोक्यावर मी तिच्यासाठी घर बांधतोय आणि ती मेक्सच्या खिडक्या मोजतेय.

९ जानेवारी

विटा, वाळू, सिमेंटच्या गोण्या गच्चीवर चढल्या. सेंटरिंगच्या फळ्याही आल्या. गल्लीतल्या बायकांनी खिडक्यांतून आनंदाची किलकारी दिली. स्लॅबच्या दिवशी कापायचं वासरू अंगणात बांधलंय, त्याने इन्साफचा पुदिना खाऊन टाकला.

पुस्तिकेचा मजकूर आज पुरा केला. पाठीमागच्या पानासाठी लिहिलं: 'हलवानी आणि मंडळी: जिथे इमारत दिसत नाही, तिथे आम्ही.' या वेळी तिने काहीच खोडलं नाही. म्हणाली, "हे छान आहे." या बाईला झोडपायला शब्द कुठून आणावेत?

११ जानेवारी

'मोठा पूर' सुरू झालाय. सगळ्यांत वाईट वादळ. समुद्र रस्त्यावर आला. गच्चीवरची वाळू पाणी पिऊन जड झाली असेल, पण फरगली म्हणतो, भिजलेली वाळू जास्त चांगली. मासेच नाहीत म्हणून शलबीने दुकान बंद केलं.

बंद करताना ओरडला, "अबू बासिम! तुझ्या बाशमुहंदिसाची काच फुटली बघ. मी नाही हां, देवाशपथ!"

खाली जाऊन पाहिलं. मधोमध तडा. शलबीच्या कोपराने गेली असणार, किंवा कढईच्या उष्णतेने. सकाळी लमीस येऊन तमाशा करणार, मग स्लॅब लांबणार. म्हटलं, हिचा खेळ हिच्याच पत्त्यांनी संपवावा. खिडकीच्या जुन्या काचेची तशीच पट्टी कापली, प्लास्टर कालवलं आणि जुन्या पट्टीच्या बोटभर खाली नवी चिकटवली. माझ्या हाताने. टोकं तिच्यापेक्षा सुबक बसवली. प्लास्टर सुकेपर्यंत तिथेच बसलो. मग दुकानाला माझं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. झारा नाही, कढई नाही, कोपर नाही. आता दाखव म्हणावं.

१२ जानेवारी

सकाळी मीच कुलूप उघडलं.

फुटली होती. केसाएवढी फट, वरपासून खालपर्यंत सरळ, पट्टीने आखावी तशी. प्लास्टर दोन्ही टोकांना घट्ट होतं. मी चांगलं बसवलं होतं.

बोट लावून पाहिलं. फटीत नख जात होतं.

मग वर जाऊन इन्साफला म्हणालो, "कोट घाल. बासिमला उठव. खाली चला." तिने का म्हणून विचारलं नाही. संसार झाला तेवढ्या वर्षांत ही बाई का म्हटल्याशिवाय कधी जागची हलली नव्हती.

लमीसला फोन करायला बाहेर आलो, तर ती दुकानाच्या पत्र्याखालीच उभी. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली.

"मासे खायला आलीस?"

"नाही."

"दुकान बंद आहे."

"माहीत आहे, काका."

मी किल्ली तिच्या हातात दिली.

टेकू गल्लीतच होते. घसरगुंडी खेळणाऱ्या पोरांना उठवावं लागलं, एवढंच. तिच्या माणसांनी आधी टेकू लावले. मगच गच्चीवरच्या गोण्या उतरवायला तिने परवानगी दिली, तीही एका वेळी जिन्यात दोनच माणसं. बासिमने एक बाजू धरली. फरगली पावसात छत्री घेऊन बघत होता. गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "चार मजले चढवलेला गडी, काचेच्या तुकड्याला भ्याला! अरे, माझ्या बायकोची बांगडी फुटते तेव्हा तीसुद्धा एवढी पळत नाही!"

सगळे हसले. दोन महिने मी लमीसबद्दल जे बोलत होतो तेच, शब्द तेवढे वेगळे. मला कळलं की ते ऐकायला कसं लागतं. गोणी मात्र खाली ठेवली नाही.

शलबी धावत आला. कॉलमाचं प्लास्टर काढलं होतं. आतल्या सळया बोटाने पापुद्रे निघावेत अशा झालेल्या. त्याने एक पापुद्रा उचलला, चुरगाळला. "अबू बासिम, याच्या डोक्यावर तू माझी पोर बसवणार होतास? आणि खाली मी मासे तळत?"

"झारा कोण उगारत होतं? ईदेपर्यंत, ईदेपर्यंत!"

त्याने हातावरची भुकटी झटकली. मध्ये वासरू हंबरलं.

"मेक्सचं ते घर," शेवटी शलबी म्हणाला, "बघून तरी येऊ या का?"

बासिमने खिशात हात घातला आणि किल्ली काढली. नोव्हेंबरपासून दोघं मिळून भिंतींना चुना देत होते म्हणे. माझ्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. मी म्हणालो, "गाढवा, स्वयंपाकघराचा रंग तरी नीट दिलास का?" आणि आत जाऊन तोंड धुतलं.

१५ जानेवारी

वासरू कापलं. स्लॅबसाठी आणलेलं वासरू टेकूसाठी कापणारा मी या शहरातला पहिला शहाणा. भात-मटण लमीसच्या माणसांनी खाल्लं, फरगलीनेही खाल्लं. टोमणे मारणाऱ्याला भूक जास्त लागते. नव्या कॉलमावर रक्ताचा पंजा उमटवायची रीत. नवा कॉलम नव्हता, म्हणून इन्साफने लोखंडी टेकूवर उमटवला.

लमीसच्या माणसांनी जॅक लावून तुळई केसभर वर घेतली. आता कॉलमांना नवं लोखंड आणि नवं काँक्रीट चढेल. मी म्हणालो, "बिल माझ्या नावाने पाठव."

"बाबांच्या सहीच्या इमारतींना बिल नसतं, काका."

मोठी झाली तरी बापवेडी ती बापवेडीच. बापाच्या सहीचा केवढा अभिमान!

२० जानेवारी

सळया कापल्या. लमीसने सांगितलं नव्हतं. नुसत्या रंगवून झाका म्हणाली होती. पण बासिमचं सामान मेक्सला गेलं, तारीख ठरली, मग त्या कुणाची वाट बघत उभ्या राहणार? यंत्राच्या ठिणग्या उडाल्या तेव्हा समोरच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, "अबू बासिम, मुलगा नको झाला का?"

"मुलगा हवाय," मी ओरडलो, "म्हणूनच!"

२९ जानेवारी

पुस्तिका छापून आली. समारंभात बँकेचे साहेब पानं उलटत शेवटच्या फोटोवर थांबले. आधी: एक भिंत. नंतर: तीच भिंत. खाली माझं वाक्य, न खोडलेलं: 'अन्फुशी. चार मजली घर. पाचवा मजला बांधला नाही.' म्हणाले, "यात यश काय आहे? काहीच दिसत नाही."

"तुम्हाला नाही दिसणार," मी म्हणालो. "तुम्ही बँकेतला आमचा जिना रोज चढता. आपणच बांधलेला असल्यासारखे."

तसा तो जिनाही नवलाचा नाही. कठडा बुटका आहे.

घरी आलो तर वारा सुटलेला. 'करम' वादळ. गच्चीवर काही वाजत नाही, कान कोरून ऐकलं तरी नाही. पण स्वयंपाकघरात शिट्टी! तुळई वर घेतल्यावर दार चौकटीत सुटं झालंय, आणि मी दोनदा रंधा मारलेली कड आता बोटभर तोकडी पडते. त्या फटीतून समुद्राचा सगळा वारा आत.

इन्साफ शाल गुंडाळून उभी होती. "अबू बासिम, लेकाचं घर आता इथे रडायला आलंय बघा."

"रडू दे. दार आहे ते. पट्टी मारतो."

मोजून, कापून, ठोकली. माझ्या हाताने. तिने एका बोटाने दार लोटलं, लागलं. उघडलं, पुन्हा लोटलं, पुन्हा लागलं. तिसऱ्यांदा लोटायला लागली तेव्हा मी म्हणालो, "पुरे, बिजागरी झिजेल."